डबा कुठे आहे? न्हावा-शेवा, जून २०१७

२७ जून २०१७, मंगळवार. आदल्या दिवशी ईदची सुट्टी होऊन गेलेली आणि जीएसटी चार दिवसांवर येऊन ठेपलेला. एक तारखेनंतर आयातीच्या कागदांचं काय, वाटेत असलेल्या मालाचं काय, परताव्याचं काय, या घोरात आयात-निर्यातीतली सगळी मंडळी होती. त्या गडबडीतच जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलच्या संगणकांनी मान टाकली.

बिघडलं काय म्हणावं, तर डोळ्यांना दिसेल असं काहीच नाही. क्रेन धड होत्या, वीज होती, माणसं पाळीवर होती. यार्डात रचलेले कंटेनर जागच्या जागी होते. कुठला कंटेनर कुठल्या थप्पीत आहे आणि तो कुणाच्या हवाली करायचा, एवढी माहिती मात्र हाताबाहेर गेली होती.

टर्मिनलचं नाव गेटवे टर्मिनल्स इंडिया. बंदरावर सगळे जीटीआय म्हणतात. डेन्मार्कच्या मर्स्क या जहाजवाहतूक समूहातल्या एपीएम टर्मिनल्सचा त्यात ७४ टक्के वाटा, कंटेनर कॉर्पोरेशन ऑफ इंडियाचा २६ टक्के. २००६ साली सुरू झालेलं, ७१२ मीटरचा धक्का, तेव्हा वर्षाला १८ लाख टीईयूची क्षमता. (टीईयू म्हणजे वीस फुटी एक डबा. चाळीस फुटी असेल तर दोन मोजायचे.) सगळी टर्मिनल्स मिळून जेएनपीटीनं, म्हणजे या अख्ख्या बंदरानं, २०१६-१७ मध्ये सुमारे ४५ लाख टीईयू हाताळले होते. हे एकटं टर्मिनल बसलं म्हणजे बंदराचा केवढा भाग बसला, ते यावरून कळावं.

हा जगभर पसरलेल्या नॉटपेट्या या सायबर हल्ल्याचा फटका होता. या हल्ल्याची गोष्ट जगात पुष्कळदा सांगून झाली आहे, पण ती बहुतेक वेळा मर्स्कच्या कोपनहेगनमधल्या मुख्यालयातून सांगितली जाते. मला ती उरणच्या बाजूनं बघायची आहे, कारण इकडून पाहिलं की प्रश्न थोडा वेगळा दिसतो. हल्ला कुणी केला, कसा केला, हे आहेच. पण डबा कुठे आहे हे लक्षात ठेवायचं काम आपण कुणाकडून काढून घेतलं आणि कुणाकडे सोपवलं, हे आधी बघायला हवं.

टॅली क्लार्कची वही

मुंबईच्या गोदीत पूर्वी माल सुटा यायचा. पोती, गाठी, खोकी, पिंपं. कामगारांच्या टोळ्या तो जहाजाच्या पोटातून वर काढायच्या, धक्क्यावर ठेवायच्या, शेडमध्ये लावायच्या. टॅली क्लार्क बाजूला उभा राहून किती नग उतरले, किती फुटले, कुठे लागले, हे वहीत मांडायचा. चोऱ्या होत, वेळ अतोनात जाई, जहाज दिवसेंदिवस धक्क्याला अडकून पडे. त्या दिवसांचे गोडवे गायचं मला काही कारण नाही. पाठीवर पोती वाहणाऱ्याला विचारलं तर तोही गाणार नाही. एवढं मात्र खरं, की माल कुठे आहे हे पन्नास-शंभर माणसांना थोडं थोडं ठाऊक असायचं. एकाची वही भिजली तर दुसऱ्याला आठवायचं.

२६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकन ट्रकमालकानं आयडियल एक्स नावाच्या जुन्या टँकरवर ५८ डबे चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवले. सुटा माल चढवायला टनामागे ५ डॉलर ८६ सेंट पडत. डब्यातून तो खर्च १६ सेंटांच्या आत आला. एवढा फरक पडल्यावर पुढे काय होणार हे सांगायला नको. जगभरच्या गोद्यांतल्या टोळ्या आटल्या. मुंबईच्या खाडीपलीकडे १९८९ मध्ये न्हावा-शेवा उभं राहिलं आणि बघता बघता देशातलं सगळ्यात मोठं कंटेनर बंदर झालं. त्या भागातल्या जमिनींसाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली १९८४ मध्ये झालेलं आंदोलन आणि त्यातला गोळीबार हा स्वतंत्र विषय आहे. इथे उल्लेख एवढ्यासाठी, की बंदर अडलं की ट्रेलरच्या रांगा त्याच गावांच्या दारात लागतात.

डबा मुका असतो. आत बासमती आहे, औषधं आहेत की टायर, बाहेरून काही कळत नाही. त्याची ओळख म्हणजे दारावर रंगवलेली अकरा चिन्हं: चार अक्षरं, सहा अंक आणि चौकटीतला एक शेवटचा अंक. एमएसकेयू दिसलं की मर्स्कचा. शेवटचा अंक आधीच्या दहा चिन्हांवरून गणितानं काढतात. अक्षरांना ठरलेल्या किमती असतात. प्रत्येक चिन्हाला एक, दोन, चार, आठ असं दुपटीनं वाढणाऱ्या संख्येनं गुणायचं, बेरजेला अकरानं भागायचं आणि उरलेली बाकी लिहायची. बाकी दहा उरली तर शून्य. गेटवरच्या माणसानं घाईत सहाचा नऊ केला की हिशेब जुळत नाही आणि चूक तिथल्या तिथे पकडली जाते. झकास युक्ती आहे. फक्त ती एका माणसाच्या एका चुकीसाठी केलेली आहे. सगळी यादीच पुसली जाईल हे ती करणाऱ्याच्या डोक्यात नव्हतं.

टर्मिनलचं डोकं

जहाज यायच्या आधी त्याचा बे-प्लॅन टर्मिनलला मिळतो. कुठला डबा जहाजाच्या कुठल्या भागात, कितव्या थरात, वजन किती, उतरायचा कुठे, रीफर (माल थंड ठेवणारा डबा) आहे का, धोकादायक रसायन आहे का, सगळं त्यात असतं. त्यावरून धक्क्यावरच्या क्रेननं कुठला डबा आधी उचलायचा ते ठरतं. उतरलेला डबा यार्डात जातो. तिथे आरटीजी, म्हणजे रबरी चाकांवर चालणारी उंच कमानीसारखी क्रेन, तो नेमून दिलेल्या जागी ठेवते. एकावर एक चार-पाच डबे. तळातला हवा असेल तर वरचे सगळे हलवावे लागतात, म्हणून उद्या-परवा कोण आधी जाणार याचा अंदाज घेऊनच थप्पी लावायची असते. निर्यातीचा डबा आणणाऱ्या ट्रेलरवाल्याकडे फॉर्म १३, म्हणजे डबा टर्मिनलमध्ये न्यायचा परवाना, असतो. गेटवर नंबर तपासला की जहाज कुठलं, त्याचा कट-ऑफ (डबे घ्यायची शेवटची वेळ) उलटून गेला का, डबा कुठल्या ब्लॉकला न्यायचा, हे कळतं. १ जुलै २०१६ पासून भरलेल्या डब्याचं तपासलेलं वजन दिल्याशिवाय तो जहाजावर चढवता येत नाही, कारण जहाजाचा तोल त्या वजनांवर ठरतो. ते वजनही त्याच यंत्रणेत.

त्या दोन वर्षांत न्हावा-शेव्यात आणखी दोन गोष्टी सुरू होत्या, दोन्ही चांगल्याच. पहिली, २०१६ च्या जुलैपासून डब्यांना आरएफआयडी, म्हणजे रेडिओलहरींनी वाचता येणारे, टॅग लावायला सुरुवात झाली. बंदराच्या आणि टोलनाक्यांच्या वाचकयंत्रांपुढून डबा गेला की त्याचा ठावठिकाणा व्यापाऱ्याला आपल्या टेबलावर दिसू लागला. दुसरी, थेट बंदरातून माल उचलण्याची सोय, जिला डीपीडी म्हणतात, ती वाढवली जात होती. पूर्वी आयातीचा डबा आधी बाहेरच्या सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनरच्या गोदामात, जायचा, तिथे कागद होईस्तोवर पडून राहायचा. डीपीडीत आयातदारानं तो ४८ तासांत बंदरातूनच सोडवायचा. पैसे वाचले, दिवस वाचले. त्याच वेळी मधला ढिलेपणाही गेला. गोदामात चार दिवसांचा कच्चा माल पडून असायचा तिथे आता दीड दिवसाचा पुरू लागला, कारण डबा वेळेवर येणार याची खात्री होती. ही खात्री कशावर उभी होती, हे २७ जूनला कळलं.

कीवमधला हिशेब

युक्रेनमध्ये कर भरण्यासाठी वापरलं जाणारं एम.ई.डॉक नावाचं सॉफ्टवेअर आहे. आपल्याकडे दुकानदार आणि सीए जसं टॅली वापरतात, साधारण तसं. ते करणारी कीवमधली कंपनी छोटी, घरगुती म्हणावी अशी. युक्रेनमध्ये धंदा करायचा तर हे सॉफ्टवेअर जवळपास हवंच, त्यामुळे ते काही लाख संगणकांवर होतं. हल्लेखोर त्या कंपनीच्या अपडेट पाठवणाऱ्या सर्व्हरमध्ये आधीच शिरून बसले होते. २७ जूनला, युक्रेनच्या संविधान दिनाच्या आदल्या दिवशी, त्यांनी त्या वाटेनं आपलं विष सोडलं. त्याला पुढे नॉटपेट्या हे नाव पडलं.

मर्स्कच्या ओडेसा कार्यालयात हिशेबाच्या कामासाठी एका संगणकावर एम.ई.डॉक टाकलेलं होतं. तेवढं पुरलं.

ते पसरलं कसं, हे जरा थांबून बघण्यासारखं आहे, कारण त्यातच धडा आहे. त्याच्याकडे दोन हत्यारं होती. एक, इटर्नलब्लू: विंडोजमधल्या एका भोकातून शिरायची अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेची, एनएसएची, युक्ती, जी एप्रिल २०१७ मध्ये चोरांनी चव्हाट्यावर मांडली होती. दोन, मिमिकॅट्झ: संगणकाच्या स्मृतीत तात्पुरते राहिलेले पासवर्ड उचलणारं एका फ्रेंच तंत्रज्ञाचं साधन. सोसायटीच्या भाषेत सांगायचं तर एका चोरानं मागची मोडकी खिडकी वापरली आणि आत गेल्यावर वॉचमनच्या खुंटीवरचा चाव्यांचा जुडगाही घेतला. खिडकी बुजवायची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिली होती. मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसनं तीच खिडकी वापरून जगभर धुमाकूळ घातला होता, म्हणजे सूचनाही दोनदा मिळाली होती. पण ज्यांनी खिडकी बुजवली त्यांची दारंही चाव्यांनी उघडली. सगळ्या इमारतीला चालणारी एकच चावी कुणाच्या तरी खिशात असली की असं होतं.

पडद्यावर ३०० डॉलरचे बिटकॉइन मागणारा निरोप यायचा. ते सोंग होतं. खंडणीखोराला निदान पैसे मिळाल्यावर कुलूप उघडून देण्यात रस असतो. इथे उघडायची चावीच ठेवलेली नव्हती. तो निरोप दिसेपर्यंत डिस्कवरच्या फायलींची अनुक्रमणिका ओळखण्यापलीकडे गेलेली असायची. युक्रेनमध्ये बँका, सरकारी कचेऱ्या, दवाखाने अडले. कीवच्या मेट्रोत कार्डानं पैसे भरता येईनात. चेर्नोबिलला किरणोत्सार हातातल्या उपकरणांनी मोजायची वेळ आली. ज्या देशासाठी हे विष होतं तिथे ते थांबलं नाही. मर्क ही औषध कंपनी, फेडेक्सची टीएनटी, मोंडलीझ, सँ-गोबँ, सगळ्यांना त्याची झळ बसली. मर्स्कच्या ७६ टर्मिनल्सपैकी १७ अडली. त्यांतलं एक उरण तालुक्यात होतं.

गेटवर

जहाजं समुद्रात चालतच होती. त्यांची इंजिनं, सुकाणू, नकाशे यांना काहीच झालं नव्हतं. पण ती ज्या धक्क्याला लागणार तिथे त्यांच्या पोटात काय आहे हे वाचणारं यंत्र आंधळं झालेलं. न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ टर्मिनलबाहेर ट्रकांची रांग लागली. रॉटरडॅममधलं माझव्लाक्टे टर्मिनल तर कित्येक दिवस ठप्प होतं. तिथे क्रेन दुरून चालवतात आणि डबे नेणाऱ्या गाड्यांवर चालक नसतो. सगळ्यात आधुनिक टर्मिनलला हातानं काम करायचा पर्यायच उरला नव्हता.

जीटीआयमध्ये आरटीजीवर माणूस बसतो, ट्रेलरवर माणूस बसतो. त्यामुळे काम हातानं सुरू करायची निदान शक्यता होती, आणि ती वापरली गेली. दुसऱ्या दिवशी बंदर प्रशासनानं आणि जहाजवाहतूक मंत्रालयानं हल्ल्याचा परिणाम झाल्याचं जाहीर केलं. अडकून पडणाऱ्या वाहनांसाठी जादा जागा करणं, जहाजं बंदरातल्या इतर टर्मिनल्सवर घेणं, असे उपाय सुरू झाले. बंदराच्या बाकीच्या टर्मिनल्सच्या यंत्रणा वेगळ्या असल्यामुळे वाचल्या. एकाच मालकाच्या, एकाच जाळ्यातल्या सतरा टर्मिनल्सना एकदम ताप आला आणि कुंपणापलीकडच्या परक्या टर्मिनलला शिंकही आली नाही.

हातानं काम म्हणजे काय, हे बाहेरच्याला सोपं वाटतं. आयातीचा डबा सोडायचा तर आधी तो शोधायचा. यार्डात एकेका ओळीपुढून फिरायचं, दारावरचे नंबर वाचायचे, कागदावर उतरवायचे. थप्पीतल्या काही डब्यांची दारं आतल्या बाजूला असतात. सापडला, तर त्याची ड्युटी भरली गेली का, शिपिंग लाइननं डिलिव्हरी ऑर्डर (डबा सोडायची परवानगी) दिली का, हे विचारायचं; ती शिपिंग लाइन मर्स्क असेल तर तिचाही ईमेल बंद. रीफर असेल तर त्याला वीज लागलेली आहे ना आणि तापमान किती, हे रोज जाऊन पाहायचं. आणि निर्यातीचा डबा वजन आणि आतलं रसायन नक्की ठाऊक असल्याशिवाय जहाजावर चढवायचाच नाही. कागदावर दिवसाला काही डबे निघतात. हजारो निघत नाहीत.

आता पैशांचं. जहाजाचं भाडं, टर्मिनलचा दर, विमा, या सगळ्यांचे करार असतात आणि त्यांत आपल्या हाताबाहेरच्या संकटासाठी एखादं कलम असतं. आयातदाराला मोफत दिवस संपल्यावर ग्राउंड रेंट, म्हणजे जागेचं भाडं, लागतं, डबा वेळेत परत केला नाही तर डिटेन्शनचा आकार लागतो. त्यात सूट मिळवायला निदान त्याचा एजंट भांडतो. ट्रेलरवाल्याचं तसं नसतं. त्याचा धंदा फेरीवर चालतो. गाडी गेटबाहेर उभी राहिली की त्या दिवशीची फेरी गेली, गाडीचा हप्ता मात्र तारखेला येतोच. चालक भत्त्यावर, केबिनमध्ये झोपणार, रस्त्याकडेच्या टपरीवर जेवणार, जून अखेरीच्या पावसात. नॉटपेट्यानं जगाचं जे नुकसान केलं त्याचा अमेरिकी सरकारचा अंदाज १० अब्ज डॉलरचा आहे. त्यात अशी थांबलेली फेरी कुठल्या रकान्यात बसते, कुणास ठाऊक.

घानातली गेलेली वीज

सावरण्याची गोष्ट मात्र कुणालाही आवडेल अशी आहे. लंडनजवळच्या मेडनहेडमध्ये मर्स्कनं युद्धपातळीवर केंद्र उघडलं. आसपासच्या दुकानांतले लॅपटॉप विकत घेऊन संपवले. सर्व्हरच्या नकला बऱ्याच होत्या. पण जाळ्यात कोण कोण आहे आणि कुणाला कुठे शिरायची मुभा आहे, हे सांभाळणारे डोमेन कंट्रोलर सुमारे दीडशे, आणि ते एकमेकांच्या नकला ठेवायचे. एक गेला तर बाकीचे आहेत, अशी कल्पना. सगळे एकदम जातील असं कुणी धरलंच नव्हतं. ते सगळे गेले; एक सोडून. हल्ल्याच्या वेळी घानातल्या कार्यालयात वीज गेली होती, म्हणून तिथलं यंत्र बंद होतं, म्हणून वाचलं. तिथलं इंटरनेट इतकं मंद की सगळी माहिती पाठवायला दिवस लागले असते. ब्रिटनचा व्हिसा घानातल्या कुणाकडे नव्हता. शेवटी डिस्क घेऊन एक जण नायजेरियाला गेला, विमानतळावर दुसऱ्याच्या हाती दिली आणि ती लंडनला पोहोचली. लोडशेडिंग सोसलेल्या आपल्या लोकांना हे वाचताना हसू आल्याशिवाय राहणार नाही.

पुढे जानेवारी २०१८ मध्ये दावोसला मर्स्कचे अध्यक्ष जिम हागेमान स्नाबे यांनी आकडे सांगितले: ४,००० सर्व्हर, ४५,००० संगणक, २,५०० अप्लिकेशन्स, सगळं दहा दिवसांत नव्यानं बसवलं. त्या दिवसांत व्यवसाय २० टक्क्यांनीच घटला, बाकीचं माणसांनी कागदावर, फोनवर, व्हॉट्सअॅपवर ओढून नेलं. कंपनीनं नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर मांडलं. आपली सुरक्षा सरासरीच होती, हेही स्नाबे यांनी कबूल केलं. अशी कबुली मोठ्या व्यासपीठावर सहसा कुणी देत नाही, तेव्हा तिला दाद द्यायला हवी.

तरी त्या दहा दिवसांच्या पराक्रमाचं जेवढं कौतुक होतं तेवढं मला करवत नाही. जाळ्याचे वेगवेगळे कप्पे करा, जुने सर्व्हर बदला, असं हल्ल्याआधी मर्स्कच्या आतल्या माणसांनीच सुचवलं होतं. पण वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या बोनसशी त्या कामाचा संबंध नव्हता, म्हणून ते रेंगाळलं, असं त्यांतल्या काहींनी नंतर पत्रकारांना सांगितलं. आग लागल्यावर बादल्या घेऊन धावणाऱ्याला टाळ्या मिळतात. वायरिंग बदला म्हणून फायली फिरवणारा कंटाळवाणा वाटतो.

युद्ध की अपघात

फेब्रुवारी २०१८ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेनं या हल्ल्याचा ठपका रशियाच्या लष्करावर ठेवला. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेनं रशियाच्या लष्करी गुप्तचर संस्थेतल्या, जीआरयूतल्या, सहा अधिकाऱ्यांवर आरोपपत्र ठेवलं. रशियानं हात झटकले. ते अधिकारी काही कुणाच्या कोर्टात उभे राहिले नाहीत.

खटले चालले ते विम्याचे. हे युद्धकृत्य आहे आणि पॉलिसीत युद्धाला भरपाई नाही, असं विमा कंपन्या म्हणू लागल्या. मोंडलीझचा वाद २०२२ मध्ये तडजोडीनं मिटला. मर्कच्या बाजूनं न्यू जर्सीच्या न्यायालयानं निकाल दिला: औषध कंपनीच्या हिशेबाच्या संगणकावरचा मालवेअर (घातक प्रोग्राम) म्हणजे पॉलिसीतलं युद्ध नव्हे. मग लंडनच्या लॉइड्स या विमाबाजारानं २०२३ पासून सायबर पॉलिसींमध्ये देशांच्या पाठबळानं होणारे मोठे हल्ले वगळायचा नियमच केला. निकाल ग्राहकाच्या बाजूनं लागला, पुढची पॉलिसी त्याच्या विरोधात गेली.

बंदरांच्या बाबतीत एक योगायोग मला नेहमी खटकतो. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं जहाजांच्या सुरक्षा व्यवस्थेत सायबर धोक्याचा विचार करण्याचा ठराव १६ जून २०१७ रोजी केला, म्हणजे हल्ल्याच्या अकरा दिवस आधी. अंमलबजावणी? १ जानेवारी २०२१ नंतर. शिवाय तो ठराव जहाजांसाठी होता, आणि इथे जहाजांना धक्काही लागलेला नव्हता. त्या मधल्या काळात २०१८ मध्ये कॉस्को, २०२० मध्ये एमएससी आणि सीएमए सीजीएम यांच्यावरही हल्ले झाले. म्हणजे जगातल्या सगळ्यात मोठ्या चारही कंटेनर कंपन्यांना ताप येऊन गेला. जुलै २०२३ मध्ये जपानच्या नागोया बंदराचं कंटेनरचं काम दोन दिवसांहून अधिक अडलं.

भारतात सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची सक्ती सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेनं २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानं केली. त्याच्या दोनच महिने आधी न्हावा-शेव्यात पुन्हा एकदा एका टर्मिनलची यंत्रणा बसली होती. या वेळी ते जेएनपीसीटी होतं, बंदराचं स्वतःचं, तिथलं सगळ्यात जुनं. रॅन्समवेअरचा, म्हणजे खंडणीसाठी संगणकांना कुलूप घालणाऱ्या प्रोग्रामचा, संशय होता. येणारी जहाजं शेजारच्या टर्मिनल्सकडे वळवावी लागली. त्या दिवसांत ज्यांची गेटं उघडी होती त्यांत जीटीआयही होतं.